घोड्याखालचा बेदाणा

धनाजी मेटकरीच्या एस.टी.त बसलेलं माणूस बसल्या बसल्या पेंगायला लागतं, असं तासगावात सगळेच म्हणतात. त्याला कारण आहे. बसच्या इंजिनाला वेगाचं कुलूप असतं. ठरल्या वेगापुढे ती जातच नाही. मोकळा रस्ता मिळाला की धनाजी उजवा पाय तळाला टेकवतो आणि तिथंच ठेवून देतो. गाडी आपल्या मापानं एकसुरी घुमत राहते, उतारूंच्या माना खिडकीच्या गजांवर कलत जातात. वळण आलं की ब्रेक, वळण सरलं की पाय पुन्हा तळाला. अर्धं आयुष्य असं गेलं. दाबणं आणि सोडणं यांच्या मधलं काही त्याच्या पायाला ठाऊकच नाही.

त्याचा बाप बिरदेव आटपाडीकडच्या माळावरून मेंढरं घेऊन पायी कोकणात उतरायचा आणि पायीच परत यायचा. बापाच्या पायाला भिंगरी होती, पोरानं ती चाकांना लावली, एवढाच फरक. मेंढरामागं चालताना घाटात बाजूनं धूळ उडवत जाणारी लाल गाडी धनाजीनं लहानपणी पाहिली, ती डोक्यात बसली. शिकला थोडं, परीक्षा दिली, खाकी कपडे चढवले. त्याच्या आयुष्याची गोष्ट इथं संपली असती तरी कुणाची हरकत नव्हती. पण मध्ये मानसिंग पाटील आला.

मानसिंग पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. आता तासगावाबाहेर द्राक्षबाग आणि ओठावर मिशी, या दोन्हींची निगा राखतो. बागेच्या कडेला त्याची बेदाण्याची शेड आहे, हिरव्या जाळीची, मजल्यावर मजले चढवलेली. हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसते. हंगाम सरला की शेड मोकळी होते आणि दर गुरुवारी, धनाजीच्या सुट्टीच्या दिवशी, ही दोन मोठी माणसं तिथं वीतभर लांबीच्या मोटारी पळवतात.

त्याला स्लॉट कार म्हणतात. प्लायवूडच्या फळ्या जोडून केलेला गोल फिरणारा रस्ता, रस्त्यात दोन खाचा, एकेका गाडीला एकेक. खाचेच्या दोन्ही काठांना तांब्याची पट्टी आणि पट्टीत ट्रॅक्टरच्या बॅटरीची वीज. गाडीच्या नाकाखाली जीभ असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या बारीक वेण्या, त्या पट्टीवर घासत वीज घेतात. हातात पिस्तुलासारखा रिमोट, आणि पिस्तुलाला असतो तसाच त्याला घोडा. घोडा जितका दाबाल तितकी गाडी पळते. ब्रेक नाही. वळणावर वेग जास्त झाला की जीभ खाचेतून निसटते आणि गाडी उडते. गंमत म्हणून एवढीच. ही एवढीशी गंमत माणसाला किती वेडं करते, ते धनाजीच्या बायकोला विचारावं.

सुलाबाई हंगामात मानसिंगच्याच शेडवर बेदाणा निवडायला जाते. काड्या वेगळ्या, काळा माल वेगळा, हिरवा लांबट माल वेगळा. तिची बोटं डोळ्यांआधी ओळखतात. मोटारींना ती ढेकणं म्हणते.

"आवं, पन्नाशी गाठली तुमी. अजून ढेकणं पळवताय व्हय?"

"ढेकणं न्हाईत गं. स्लॉट कार."

"ढेकूण तरी रगत पितो आन् गुमान बसतो. ही वीज पितात आन् उलथी पडत्यात."

उलथं पडण्याबाबत तिचं खरं होतं. धनाजीनं आपली गाडी स्वतः बनवली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, लाल रंग देऊन एक छोटी एस.टी. तयार केली, पुढं 'तासगाव–विटा' अशी पाटी लावली. दिसायला देखणी, पण उंच. धनाजी घोडा तळापर्यंत दाबायचा आणि रस्त्यातलं सगळ्यात वाईट वळण, ज्याला त्यांनी खंबाटकी नाव ठेवलं होतं, तिथं ती हमखास कोलांटी मारायची.

"गड्या, रेसला कुनी बस आणतं का?" मानसिंग विचारायचा.

"मग काय आणू? मला दुसरं काय चालवता येतंय?"

"वळणाला बोट ढिलं सोड."

"सोडलं की थांबतीय."

"समदं न्हाई सोडायचं. निम्मं."

"निम्मं म्हंजी किती?"

यावर मानसिंग आभाळाकडं बघायचा.

मानसिंगनं मोबाईलवर टाकलेला एक व्हिडिओ पाहून खंबाटकी घाटापलीकडच्या खंडाळ्याहून एक बहीणभाऊ त्यांना शोधत आले होते. प्रियदर्शनी शाळेत चित्रकला शिकवते आणि स्लॉट कार पळवते, तिचा थोरला भाऊ ऋषिराज त्या गाड्या बनवतो. चौघांनी मिळून मोठा रस्ता बांधायचं ठरवलं. प्लायवूड खंडाळ्याचं, तांबं आणि मजुरी तासगावची. बांधून झाल्यावर तो ठेवायचा कुठं यावरून पेच पडला. शेवटी ठरलं की दर मे महिन्यात एक शर्यत लावायची. एका बाजूचा एक गडी. जो जिंकेल त्याच्या गावी फळ्या वर्षभर राहणार. आणि एकाच माणसानं लागोपाठ दोन वर्षं उतरायचं नाही. गेल्या वर्षी मानसिंगनं ऋषिराजला हरवलं म्हणून फळ्या तासगावात होत्या. म्हणजे या वर्षी पाळी धनाजीची.

समोर प्रियदर्शनी होती. तिचं बोट रेषा काढावी तसं घोड्यावर चालायचं.

फळ्या खंडाळ्याला गेल्या तर काय होणार, हे धनाजीला स्वच्छ दिसत होतं. आठवड्याला एक सुट्टी. खंडाळ्याला जाऊन यायचं म्हणजे ती सगळी रस्त्यातच सांडणार आणि सुलाबाई ते चालू देणार नाही. वर्षभर गुरुवार कोरडे. शिवाय मानसिंगचं तोंड.

"फळ्या गेल्या तर शेडच्या दाराला पाटी लावीन," मानसिंगनं आधीच बजावलं होतं. "'धनाजीपासून सावध.' लोकं कुत्र्याची लावतात, मी तुझी लावीन."

मे लागला. मानसिंग खरड छाटणीच्या माणसांमागं बागेत अडकला होता. त्यानं किल्ली धनाजीच्या हातात दिली आणि फळ्या काढून जोडायला सांगितलं. सुलाबाई हात लावायला बरोबर आली.

हंगामापुरत्या फळ्या मानसिंगनं धुरीच्या खोलीत ठेवल्या होत्या. सुकलेल्या बेदाण्याला रंग यावा म्हणून त्या खोलीत गंधक पेटवून धुरी देतात. शेडवर कुलूप असलेली तेवढी एकच खोली. गंधकाच्या धुरानं लाकडाला वाळवी लागणार नाही, असाही मानसिंगचा हिशेब होता. त्याचा हिशेब बरोबर निघाला. फळ्यांना वाळवीचा ठिपका नव्हता. फक्त तांब्याच्या पट्ट्या तव्याच्या पाठीसारख्या काळ्या झाल्या होत्या.

"माझी जोडवी अशीच झालती पहिल्या साली," सुलाबाई म्हणाली. "तवापासून धुरीच्या दिवसांत आमी बायका चांदी घरीच काढून ठेवतो. फौजीला कुनी सांगितलं न्हाई वाटतं. थांबा, चिंच आणते. घासलं की लख्ख."

"आधी बघू चालतंय का," धनाजी म्हणाला.

फळ्या जोडल्या, बॅटरी लावली, लाल गाडी खाचेत ठेवली. घोडा थोडा दाबला. गाडी हलली नाही. आणखी दाबला, तेव्हा ती खोकत, अडखळत निघाली. काळ्या थरातून वीज नीट पोचत नव्हती. धनाजीनं सवयीनं बोट तळाला टेकवलं. गाडी तालात आली. सरळ रस्ता संपला, खंबाटकी आली. धनाजीनं डोळे बारीक केले. गाडी वळणातून शांतपणे, एखाद्या म्हाताऱ्या उतारूनं पायरी उतरावी तशी, पलीकडं गेली. दुसऱ्या फेऱ्यालाही गेली. बोट तळाला, गाडी खाचेत.

या रस्त्याला वेगाचं कुलूप लागलं होतं.

"आणू न्हवं चिंच?"

"नको."

"का वो?"

"घासलं की तांबं झिजतंय."

सुलाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पाहुण्यांच्या ताटातला शेवटचा लाडू उचलताना तो असाच निरागस दिसायचा. तिनं पदरानं हात पुसले आणि ती घरी निघाली.

संध्याकाळी मानसिंग येऊन वाकून बघून गेला. "तांबं काळपट दिसतंय रं?"

"हिरवी जाळी हाय. उजेड कुठं पडतोय?"

मानसिंगनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "फळ्या बाकी झकास राहिल्या," तो म्हणाला. "मी म्हटलं न्हवतं, गंधकानं वाळवी लागत न्हाई."

"तुमचं डोकंच वेगळं, फौजी," धनाजी मनापासून म्हणाला.

रविवारी दुपारी धनाजी सकाळची पाळी उरकून आला आणि खंडाळ्याचा टेम्पो शेडसमोर थांबला. मागं दोरखंड, गोणपाट, सगळी तयारी. मानसिंगच्या मिशीचे आकडे हलले.

"टेम्पो कशाला आणलाय?"

"बेदाणे न्यायला, काका," प्रियदर्शनी म्हणाली.

तिनं हातमोज्यातून गाडी काढली. बगळ्यासारखी पांढरी, चपटी, जमिनीला टेकलेली. दोन फेरे मारून बघते म्हणाली, तर धनाजीनं घाई केली. "आधी रेस, मग चहा. ऊन उतरलं की तुमाला खंबाटकी लागल. ती खरी खंबाटकी."

सुरुवात झाली. पांढरी गाडी खोकली, अडखळली, मग निघाली. वळण आलं तसं प्रियदर्शनीचं बोट सवयीनं हलकं झालं, आणि तेवढ्यानं गाडी जागीच उभी राहायला आली. तिनं पुन्हा दाबलं, पुढच्या वळणाला पुन्हा तेच. शेजारच्या खाचेतून लाल एस.टी. एकसुरी घुमत गेली. ना कमी ना जास्त. धनाजी रिमोट पोटाशी धरून उभा होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "चला, मागं जागा हाय, पुढं सरका."

ऋषिराजनं बॅटरीच्या तारा तपासल्या. काही सापडलं नाही.

"धना," मानसिंग हळूच म्हणाला, "खंबाटकीला आज पडली न्हाई रं ही?"

"बोट सुधारलंय."

निम्मी शर्यत झाली तेव्हा लाल गाडी तीन फेरे पुढं होती. आता खाचा बदलायच्या आणि मध्ये चहा. मानसिंगनं धनाजीच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की बशीतला चहा खाकी सदऱ्यावर आला. "पलटणीत असतास तर तुला टँक दिला आसता," तो म्हणाला. धनाजी लाजला. नव्या नवरदेवासारखं शेडच्या खांबाला टेकून तो स्तुती ऐकत राहिला.

पलीकडं प्रियदर्शनीनं गाडी उलटी करून वेण्यांवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. सुलाबाई बेदाण्याची वाटी आणि चहा घेऊन तिच्याशेजारी टेकली. दोघी काहीतरी बोलल्या. सुलाबाईनं पाय थोडा पुढं करून पायातली जोडवी दाखवली. प्रियदर्शनी हसली.

"काका," ती तिथूनच म्हणाली, "मोटर गार पडू नये म्हणून जरा फिरवून आणू का? तुमचीही फिरवा की. बघायला बरं वाटतं."

"फिरव की, मुली. कितीबी फिरव," उदार झालेला धनाजी म्हणाला आणि आपली गाडीही सोडून दिली. दोन्ही गाड्या रिकाम्या रस्त्यावर फिरत राहिल्या. वेण्यांची चर्र, चर्र येत राहिली. मध्येच प्रियदर्शनीनं म्हटलं, आता खाचा बदलून बघू, तर धनाजीनं तेही केलं. मानसिंग त्या वेळी एका जुन्या मोहिमेवरच्या ट्रकची गोष्ट सांगत होता आणि ती रंगात आली होती.

दुसरी निम्मी सुरू झाली. धनाजीनं बोट तळाला टेकवलं. लाल गाडी सुटली ती कधी नव्हे अशी सुटली, खंबाटकीला वळलीच नाही, सरळ हवेत गेली आणि मानसिंगच्या गुडघ्यावर आपटली.

मानसिंगनं उचलून पुन्हा खाचेत ठेवली. पुन्हा सुटली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा ती बेदाण्याच्या रिकाम्या पेटीत जाऊन पडली. शेजारून पांढरी गाडी सरळ रस्त्यावर सणसणत जायची, वळणाला वाकून नमस्कार करायची आणि पुन्हा सणसणायची. तीन फेऱ्यांची आघाडी उन्हातल्या बर्फासारखी वितळत चालली.

धनाजीनं खाली वाकून पाहिलं. काळ्या पट्ट्यांच्या मधोमध दोन लालसर, लखलखीत रेघा उमटल्या होत्या. सगळ्या फळ्यांवरून, सगळ्या वळणांवरून. वेण्यांनी घासून घासून तांबं उजळलं होतं. त्यातला निम्मा रस्ता त्यानं स्वतः घासला होता, चहा पीत.

"बोट ढिलं," मानसिंग ओरडला.

त्यानं ढिलं केलं. गाडी थांबली. दाबलं, उडाली. मधलं ते निम्मं, जे सगळ्या जगाला येत होतं, ते त्याच्या बोटाला सापडेना. पांढरी गाडी बरोबरीला आली. त्याला कोरडे गुरुवार दिसले, दारावरची पाटी दिसली. त्यानं डाव्या हातानं वाटीतले बेदाणे तोंडात टाकले. एक हातात उरला. हिरवा, लांबट, फुगीर, सुलाबाईनं निवडलेला. धनाजीनं तो घोड्याच्या मागच्या फटीत कोंबला आणि घोडा दाबला.

घोडा निम्म्यावर अडला.

लाल एस.टी. खंबाटकीतून न पडता पार झाली. पुढचं वळणही. धनाजीनं डोळे मिटले आणि उघडले, गाडी खाचेतच होती. आता कुलूप रस्त्याला नव्हतं, रिमोटला होतं. दोन्ही गाड्या चाकाला चाक लावून फिरू लागल्या. ऋषिराज फेरे मोजता मोजता उभा राहिला.

पण बेदाणा शेवटी बेदाणा. दर फेऱ्याला तो थोडा दबत होता, आणि दर फेऱ्याला लाल गाडी थोडी जास्त पळत होती. धनाजीच्या बोटाला चिकट ओल लागली. गाडी पुढं सरकली. अर्धा हात, मग हातभर. उंच टप वळणावर डुलायला लागला. त्याला वाटलं, एवढा एक फेरा टिकावा. टिकला. शेवटचा आला. सरळ रस्त्यावर लाल गाडी चांगली पुढं होती. खंबाटकीच्या तोंडाशी बोटाखाली काहीतरी पचकन बसलं, घोडा तळाला गेला, आणि 'तासगाव–विटा' दोन चाकांवर उभी राहिली, क्षणभर विचार केल्यासारखी तशीच राहिली, मग आडवी झाली. तिच्या बाजूनं पांढरी गाडी, आवाजही न करता, रेघ ओलांडून गेली.

मानसिंगनं धनाजीच्या हातातून रिमोट घेतला. घोडा चिकट लागला. त्यानं बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं.

"माल माझाच हाय," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं जवळ येऊन फटीत पाहिलं. "काका," ती गंभीरपणे म्हणाली, "खारीक घालायची होती. ती दबत नाही."

मग मात्र मानसिंग हसायला लागला, मिशी दोन्ही हातांनी धरून हसत राहिला. धनाजीला हसावं की नाही ते कळेना, म्हणून तो फळ्यांचे स्क्रू काढायला बसला. टेम्पो भरला. गोणपाटात गुंडाळलेल्या फळ्या बागेच्या वाटेनं हेलकावत गेल्या आणि शेड एकदम फार मोठी वाटायला लागली.

घरी जाताना कालव्याच्या पुलावर आल्यावर सुलाबाई म्हणाली, "जोडव्याचं मीच सांगितलं तिला."

धनाजी थांबला. "का गं?"

"तुमी जिकला आसता तर वरीसभर ऐकावं लागलं आसतं. 'बोट सुधारलंय' म्हनं. आन् आता बेस्तरवारी घरी ऱ्हावा जरा. भिंतीला रंग द्यायचा हाय."

दोन गुरुवार धनाजीनं भिंतीला रंग दिला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं डेपोत जाऊन स्वारगेटची ड्युटी मागितली. लांबचा पल्ला, पुण्याच्या तोंडाशी गर्दी, ती ड्युटी कुणी आपणहून मागत नाही. साहेबांनी त्याला दोनदा विचारलं. त्याचा कंडक्टर केरबा तर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

त्या गाडीचा जेवणाचा थांबा खंडाळ्याजवळच्या हॉटेलावर आहे, आणि ते हॉटेल ऋषिराजचं. फळ्या हॉटेलाच्या वरच्या हॉलमध्ये पसरल्या आहेत. उतारू खाली मिसळ मागवतात, धनाजी डबा काखेत मारून जिना चढतो. डबा तो स्वारगेटला खातो, तोही वेळ उरला तर. उतरताना त्याची बोटं काळी असतात. केरबानं एकदा विचारलं, तर इंजिनात हात घातला होता म्हणाला. बंद इंजिनात कशाला हात घातला, हे केरबानं विचारलं नाही.

सुलाबाईनं मात्र छडा लावायचं ठरवलं. तिच्या हिशेबात रोजचा भरलेला डबा आणि नवऱ्याचं उतरलेलं वजन जुळेना. एका सकाळी ती इस्त्रीचं लुगडं नेसून स्टँडवर आली, बायकांचं अर्धं तिकीट काढलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. कराड गेलं, सातारा गेलं, ती पेंगली नाही. खंबाटकी ओलांडून गाडी थांबली तशी ती धनाजीच्या मागोमाग जिना चढली.

हॉलमध्ये प्रियदर्शनी शाळेतून येऊन बसली होती. सुलाबाईनं फळ्यांभोवती एक चक्कर मारली, तांबं बघितलं. ते लख्ख होतं. मग लाल एस.टी. उचलून खालून वरून निरखली.

"आणा तो घोडा," ती म्हणाली.

"तुला न्हाई जमायचं. निम्मं सोडावं लागतं."

"आणा तर."

तिनं रिमोट घेतला, बेदाण्याची काडी खुडावी तसं बोट टेकवलं, आणि लाल एस.टी. निघाली. सरळ रस्त्याला पळाली, खंबाटकीला जरा दम घेतला, पलीकडं गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. प्रियदर्शनीनं आपली पांढरी गाडी शेजारच्या खाचेत ठेवली.

खालून केरबाची शिट्टी आली.

"सुले, चल. गाडी सुटती," धनाजी म्हणाला.

"थांबा वो. हे ढेकूण आता कुठं तालात आलंय."

पुन्हा शिट्टी आली. धनाजीनं बायकोकडं पाहिलं, फळ्यांकडं पाहिलं, आणि जिना उतरून स्टीअरिंगवर जाऊन बसला. उतारू चढले, केरबानं दार ओढलं, पुन्हा उघडलं. वरच्या खिडकीकडं बघत धनाजी आपल्याच बायकोसाठी हॉर्न वाजवत राहिला.